गाळलेलं पाणी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, पंचायत समितीचे सभापती माननीय किशनराव पाटील. आपल्या मठाचे विद्यमान स्वामीजी. लातूरहून एवढ्या उन्हात आलेले आरोग्य खात्याचे साहेब. ज्यांना आज आपण निरोप देत आहोत ते आपले डॉक्टर शिवमूर्ती पटणे. समोर बसलेल्या गावकरी बंधूंनो, मायबहिणींनो, आणि खिडकीत चढून बसलेल्या माझ्या विद्यार्थ्यांनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. अध्यक्षांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आहे, तेही मी पाहिलं. पण मराठीच्या मास्तरच्या हातात माइक देण्याची चूक समितीनं केली आहे. आता ती आपण सगळे मिळून सोसू.

थोड्या वेळापूर्वी डॉक्टरांना दोन मानपत्रं दिली गेली. मठाच्या मानपत्रात त्यांना ‘परम गुरुभक्त’ म्हटलं आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानपत्रात ‘अंधश्रद्धेचे कर्दनकाळ’ म्हटलं आहे. दोन्हींत उल्लेख आहे तो एकाच सकाळचा. मी डॉक्टरांच्या शेजारी बसलो होतो. दुसरं मानपत्र वाचून झालं तेव्हा ते माझ्याकडे झुकून म्हणाले, ‘‘सर, हे दोघं जण कोण?’’

मी त्या सकाळी तिथं होतो. गुंडप्पाशेठ होते. ते समोरच बसले आहेत, आता हसताहेत. त्या दिवशी हसत नव्हते. बाकीचे बरेच जण राहिले नाहीत. म्हणून एकदा सांगून टाकतो. पुन्हा सांगायचा मला कंटाळा आहे.

जिल्हा नवा झाला होता. उस्मानाबाद तुटून लातूर झालं, त्याचे पेढे आपण खाल्ले, आणि मग पाऊस गेला. तरुण मुलांना नारू ठाऊक नाही, हे या माणसाचं काम आहे. नारू म्हणजे दोऱ्यासारखा किडा. पायाला फोड येतो, फुटतो, आणि त्यातून हा पांढरा दोरा बाहेर येऊ लागतो. तो ओढायचा नसतो. काडीवर गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा असतो. तुटला तर पाय जातो. आणि जळजळ अशी, की माणूस पाय घेऊन पाण्याकडे धावतो. गार पाण्यात पाय घातला की जाळ थांबतो. त्याच क्षणी किडा आपली पिल्लं पाण्यात सोडतो. ती पाण्यातल्या बारीक जिवांच्या पोटात वाढतात, ते पाणी आपण पितो, आणि पुढच्या वर्षी आपल्या पायाला फोड येतो. एवढीच त्याची कथा आहे.

गावाला पाणी होतं ते एका ठिकाणी, मठाच्या पायऱ्यांच्या विहिरीत. दुष्काळात पाणी जितकं खाली जाई तितक्या पायऱ्या माणसं उतरत. घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहायचं आणि घागर बुडवायची. मठाची रीत तर त्याहून कडक. शिवाला वाहायचं पाणी दोरीनं ओढलेलं चालत नसे. स्वामींनी स्वतः उतरून, स्नान करून, हातानं भरून आणायचं. तेव्हाचे स्वामी म्हणजे थोरले अप्पा. त्यांची पूजा झाली की पाय धुतले जात, आणि ते पाणी, पादोदक, लोक तीर्थ म्हणून घेत. कित्येक म्हाताऱ्या त्याशिवाय तोंडात घास घालत नसत.

त्या उन्हाळ्यात अप्पा विहिरीत फार वेळ उभे राहू लागले. लोक म्हणाले, अप्पांनी जलतप मांडलंय. डॉक्टर नवे आले होते, देगलूरकडचे. त्यांच्या आई लक्ष्मम्मा बरोबर होत्या. घर लिंगायत, कुळाचा गुरुमठ हाच. डॉक्टरांनी जलतप ऐकलं आणि म्हणाले, ‘‘मला पाय बघायला पाहिजे.’’

(हा टँकरचा हॉर्न आहे. ज्यांचा नंबर आहे त्यांनी खुशाल उठावं. डॉक्टरांना राग येणार नाही. माइक बंद करायची गरज नाही. घागरी वाजल्या तरी चालतील.)

तर, पाय बघितला. नारूच होता. डॉक्टर जमिनीवर बसले, पाय मांडीवर घेतला आणि काडी लावली. अप्पा म्हणाले, ‘‘शिवमूर्ती, हात थरथरायलाय तुझा. पाय गुरूचा हाय म्हणून का किडा मोठा हाय म्हणून?’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘दोन्ही, अप्पा.’’

मग त्यांनी सगळं सांगितलं. किडा, पाणी, पुढचं वर्ष. मी दारात उभा होतो. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘‘म्हंजे माझ्या पायातून गावात गेला?’’

कुणाला असं विचारता येईल? डॉक्टरांनी काडीला एक वेढा दिला.

‘‘हाव, अप्पा. बऱ्याच जणांना.’’

अप्पांनी विभूतीचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, ‘‘आन् पादोदकातून?’’

मंडळी, या ठिकाणी थांबा. हो म्हटलं असतं तर डॉक्टरांचं काम एका शब्दात झालं असतं. त्या दिवसांत नव्या जिल्ह्याचे एक साहेब जीप घेऊन फिरत होते. भला माणूस होता, गावाचं बरं व्हावं असं खरंच वाटायचं त्याला. त्यांनी आमच्या शाळेच्या भिंतीवर गेरूनं लिहून घेतलं होतं: ‘पादोदक सोडा, नारू टाळा.’ डॉक्टरांनी ते पुसायला सांगितलं.

साहेब म्हणाले, ‘‘का हो? तुम्ही तर शास्त्र शिकलेले.’’

‘‘म्हणूनच. ताज्या धुतलेल्या पाण्यातून नारू होत नाही. हे खोटं आहे.’’

‘‘खोटं असलं तरी उपयोगाचं आहे ना?’’

‘‘उद्या मी खरं सांगायला आलो तर कोण ऐकेल?’’

भिंत पुसली गेली. आता अप्पांसमोर तोच प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, ‘‘न्हाई अप्पा. पादोदकातून होत नाही. पण पाणी विहिरीचं आहे, ते गाळल्याशिवाय नको. आणि तुम्ही विहिरीत उतरू नका. कुणीच उतरू नये. पायऱ्या बुजवू, रहाट बसवू.’’

‘‘दोरीचं पाणी शिवाला चालत न्हाई.’’

‘‘ठाऊक आहे, अप्पा.’’

‘‘मग उतरायचं न्हाई म्हंजे पूजा न्हाई. पूजा न्हाई तर पादोदक कशाचं?’’

त्या दिवसापासून अप्पा उतरले नाहीत. डॉक्टरांचं त्यांनी ऐकलं, आणि मठाची रीतही मोडली नाही. पूजा थांबली. पादोदक थांबलं. आणि गावातल्या म्हाताऱ्या उपाशी बसल्या.

त्यांत लक्ष्मम्मा होत्या. डॉक्टरांच्या घरी चूल पेटत होती. आई भाकरी करी, लेकाला वाढी, आणि बाजूला बसे. मी शेजारी राहत होतो, भिंत सामाईक होती. बोलणं ऐकू येई.

‘‘आई, खा.’’

‘‘तू खा, तम्मा. मला भूक न्हाई.’’

‘‘पाप लागतंय म्हणून?’’

‘‘पापबिप काय न्हाई रे. लगीन होऊन आल्यापासून, तिकडं जंगमाचं आन् हितं अप्पांचं, तोंडात पयलं तेच गेलंय. त्याच्या आधी घास उतरतच न्हाई. मी काय करू?’’

‘‘सलाइन लावीन.’’

‘‘लाव की. त्याच्या आधी पादोदक आण.’’

हसू नका. डॉक्टरांनी तेव्हा ताट सरकवलेलं मी ऐकलं. त्यांचंही जेवण तिथंच संपलं.

तिसऱ्या दिवशी गुंडप्पाशेठनी दवाखान्यापुढं माणसं जमवली. शेठ, बोलू ना? मान हलवताहेत. शेठ म्हणाले, ‘‘विहिरीत नारू हाय म्हणता, पादोदकात न्हाई म्हणता. एक काय ते सांगा की डॉक्टर! आमच्या आया मारायल्यात तुम्ही.’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘माझीही त्यांच्यातच आहे.’’

शेठ वाटेतून बाजूला झाले. ते कुणासाठी बाजूला झालेले मी त्याआधी पाहिले नव्हते, नंतरही नाही.

डॉक्टर तसेच मठात गेले. मागून सगळं गाव. साहेबांची जीपही आली. डॉक्टरांच्या हातात एक पांढरं धुवट कापड होतं, आईच्या जुन्या लुगड्याचं, दुहेरी शिवलेलं. म्हणाले, ‘‘अप्पा, पाणी दोरीनं ओढू. मी गाळतो. शिवाला चालेल का नाही ते तुम्ही ठरवा. ते माझ्या शास्त्रात नाही.’’

अप्पांनी डोळे मिटले. मग ते म्हणाले, ‘‘शिवाला मी विचारीन. त्याचा माझा जुना वेव्हार हाय. पण लोकांला कोण सांगणार? लोकं म्हणतील, डॉक्टर सोता पीत न्हाई आन् आमच्या आयांला पाजायलाय. तू म्हणतो पादोदकात काय न्हाई. पायात दोरा अजून हाय. मग तूच आधी पी.’’

पाणी दोरीनं ओढलं. डॉक्टरांनी कापड धरलं, गाळलं. अप्पांनी ते आधी शिवाला वाहिलं, मग पाटावर पाय ठेवला, पट्टी सोडली. काडी दिसत होती. पाणी ओतलं, खालच्या तांब्यात उतरलं. डॉक्टरांनी ओंजळ केली आणि प्यायले.

गुंडप्पाशेठ ओरडले, ‘‘हर हर महादेव!’’ सगळ्या मठानं घोष उचलला. साहेब मान खाली घालून जीपकडे निघाले. जाताना मला म्हणाले, ‘‘हरला तुमचा डॉक्टर.’’

म्हाताऱ्या पुढं सरकल्या. पहिल्या लक्ष्मम्मा. त्या दुपारी गाव जेवलं.

डॉक्टरांना दोन दिवस जुलाब झाले. नारूचा त्याच्याशी संबंध नव्हता. हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत असत. ‘‘उघड्या जखमेचं पाणी. व्हायचंच होतं. गाळून सगळं जात नाही.’’ पुढं पट्टी सुटेपर्यंत अप्पांनी धुवायला फक्त डावा, बिननारूचा पाय पुढं केला. तेही डॉक्टरांनीच मागून घेतलं.

पायऱ्या बुजल्या. रहाट बसला. पुढच्या उन्हाळ्यात नारू कमी झाला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गेला. आणि डॉक्टरांची बदली झाली. मठाच्या काही मंडळींनी तक्रार केली होती, की यांनी गुरूंना विहीरबंदी केली. लातूरच्या काही सुधारक मंडळींनी तक्रार केली होती, की सरकारी डॉक्टर पाय धुतलेलं पाणी पिऊन अंधश्रद्धा पसरवतो. वरिष्ठांना दोन्ही खऱ्या वाटल्या. मग हिमायतनगर, मग कंधार, मग लोहा. बढती झाली नाही. शेवटची तीन वर्षं त्यांनी मागून हेच गाव घेतलं.

आणि आता इतक्या वर्षांनी आपण त्यांना मानपत्रं देतो आहोत. एका बाजूनं भक्त, एका बाजूनं कर्दनकाळ. मला विचाराल तर दोन्ही मंडळी प्रामाणिक आहेत. पण मी थकलो आहे. देव खरा का शास्त्र खरं, ही वादविवाद स्पर्धा मी शाळेत दरवर्षी घेत आलो. दोन्ही बाजूंची भाषणं मीच लिहून देत असे, आणि दोन्हींना टाळ्या पडत. त्या भाषणांत कधी कुणाची आई उपाशी बसलेली नसे.

मी एकदा डॉक्टरांना विचारलं होतं, ‘‘तुम्ही नक्की का प्यायलात? प्रयोग म्हणून? श्रद्धा म्हणून?’’

म्हणाले, ‘‘सर, आईनं तीन दिवस खाल्लं नव्हतं.’’

बस्स. हे कुठल्याच मानपत्रात बसत नाही, हे मी समजू शकतो.

पण लक्ष्मम्मांनाही मी विचारलं होतं. पुष्कळ नंतर. डॉक्टर आपल्याकडे परत आले तेव्हा त्या फार थकल्या होत्या, अंथरुणावरच असत. मी म्हणालो, ‘‘आई, तुमच्या गुरूंनी शेवटी तुमच्या लेकाला पादोदक पाजलंच.’’

त्या म्हणाल्या, ‘‘गुरूंचं तर मी रोजच पीत होते की, मास्तर. त्या दिवशी माझ्या लेकानं गाळलं होतं.’’

गेल्या वर्षी त्या गेल्या. मी घरी गेलो होतो. स्वयंपाकघरात घागरीच्या तोंडाला कापड बांधलेलं होतं, पांढरं, दुहेरी. नारू जाऊन इतकी वर्षं झाली होती. घरात नळ होता. कापड ओलं होतं.

आज मठाच्या विहिरीत नारू नाही. पाणीही नाही. चहूकडे बोअर झाले आणि झरे आटले. रहाट गंजून उभा आहे. अप्पा नाहीत, लक्ष्मम्मा नाहीत, आणि उद्या सकाळच्या एसटीनं डॉक्टर देगलूरला जातील. डॉक्टरसाहेब, तुम्ही उत्तराचं भाषण करणार नाही असं समितीला सांगितलंत, हे बरं केलंत.

अध्यक्षमहाराज, तुमचं घड्याळ मी केव्हाच ओलांडलं. स्वामीजींच्या समोर मठाच्या जुन्या गोष्टी काढल्या, साहेबांच्या समोर खात्याच्या काढल्या. कुणाला टोचलं असेल तर ते माझ्या वयाच्या नावे टाका आणि मला मोकळं करा. तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ज्यांना पाण्याला जायचं होतं त्यांनी पाय न वाजवता उठून जागा केली, त्याबद्दल मी आपला आभारी आहे.

टँकरचं पाणी आज गढूळ आलं आहे, असं आत्ताच कुणीतरी येऊन सांगितलं. घरी गेल्यावर गाळून घ्या.

नमस्कार.