आधीच्या उंदराचा वास

हार्डवेअरच्या दुकानात माझ्या पुढच्या बाई उंदराचा पिंजरा परत करायला आल्या होत्या.

“याचा खटका जड आहे. उंदीर सापडतच नाही.”

“नाक लागलं तरी दार पडतं, ताई. धुतलात का पिंजरा?”

“साबणानं, चांगला घासून. आधी एक सापडला होता ना त्यात.”

“तिथंच घोळ झाला. आधीच्याचा वास असला, की पुढचा बिनधास्त शिरतो. त्याला वाटतं, आपल्यातलं कुणीतरी आहे आत.”

“खरंय. मला बघायला आले तेव्हा मोठ्या जाऊबाई सोबत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘घर चांगलं आहे गं, ये खुशाल.’”

“मग?”

“मग काय! आता धाकट्या दिराचं जमतंय. उद्या मुलगी बघायला सासूबाई मला नेताहेत. म्हणाल्या, ‘तोंड हसरं ठेव.’”