मुखपृष्ठावरचं नाव

शिंपी आपली लेबलं न्यायला छापखान्यात आला होता. बाकावर शेजारी एक म्हातारा आणि त्याची मुलगी पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा कागद आणि आतल्या पानांची प्रुफं धरून बसली होती.

"आईच्या सगळ्या गोष्टी टोपणनावानं आल्या, बाबा. पुस्तकावरही तेच राहू दे."

"गेली ना ती? आता तरी खरं नाव लागू दे."

"तिनं तुमच्यापासून लपवलं होतं ते."

"तेच तर! वीस वर्षं मासिकातली गोष्ट मी तिलाच वाचून दाखवत होतो. वर म्हणायचो, बघ, या बाईला म्हणतात डोकं. नाहीतर तू, भाजीत मीठ घालायचं विसरतेस."

"आणि ती गालात हसायची. आठवतंय मला."

"अगं, पण सांगायला काय झालं होतं?"

"मी म्हटलं होतं, सांगून टाक. तर म्हणाली, किती मन लावून वाचतात बघ. माझ्या आहेत कळलं, की वाचायचं सोडतील."

म्हाताऱ्यानं कागदावरच्या टोपणनावावरून बोट फिरवलं.

"सोडलं असतं गं. खोटं कशाला बोलू?"

आतून छापखानेवाला ओरडला, "काका, नाव ठरलं का? काम खोळंबलंय."

"ठरलं. तिचं खरं नाव घाला. आणि तू ती प्रुफं दे इकडे. पहिल्या पानापासून वाचतो."

"इथं? मनात वाचा हं, बाबा. लोक बसलेत."

"मनात नाही गं जमत. तिला मोठ्यानं वाचून दाखवायची सवय आहे मला."