जखमेवरचा घरगुती इलाज

नर्स सोहा : काल टाके कोरडे होते, आजोबा. आज पट्टीखाली हे तपकिरी, चिकट, आणि वास पार जिन्यापर्यंत! डॉक्टर म्हणतात, पू हाडापर्यंत गेला असेल तर उद्या छाती पुन्हा उघडावी लागेल.

ग्वांगशिक : पुन्हा? हृदयाची झडप बदलून नऊ दिवस झालेत. आधीची जखमच अजून नीट भरलेली नाही.

सोहा : ताप नाही, दुखत नाही, तेवढंच कोडं आहे. आजी, तुम्ही मागे का सरकताय?

बुनरे : म्हातारीनं सरकूही नये?

ग्वांगशिक : बुनरे, पिशवीत काय आहे?

बुनरे : तुमचे मोजे.

ग्वांगशिक : मोज्यांना आपल्या अंगणातल्या रांजणाचा वास येतोय. सत्तेचाळीस वर्षं जेवतोय मी त्यातलं.

सोहा : आजी! जखमेवर सोयाबीनचं देन्जांग लावलंत?

बुनरे : पातळसं. पट्टी अलगद उचलली, होती तशी चिकटवली. मधमाशी चावो, विळा लागो, आमच्या गावात आधी तेच लावतात. आणि हे तीन वर्षं मुरलेलं आहे, दुकानातलं नव्हे!

सोहा : अहो, सोयाबीन आंबतं ते जंतूंमुळेच! जिवंत जंतू असतात त्यात!

बुनरे : असतात ना. पण घरचे.

ग्वांगशिक : तरीच सकाळपासून भूक खवळलीय.

सोहा : हसू नका, टाके ताणतील. आजी, डॉक्टरांना हे तुम्ही स्वतः सांगायचं.

बुनरे : नाही सांगितलं तर?

सोहा : तर उद्या छाती उघडतील.

बुनरे : ...बोलवा.

(डॉक्टर येऊन, सगळं ऐकून, जखम धुऊन, एकदाही न हसता गेल्यावर.)

सोहा : सुटलात. आत पू नाही. आठवडाभर रोज तपासणार, औषध चालू राहील, आणि पट्टीला आमच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.

ग्वांगशिक : मला तरी विचारायचंस, बाई.

बुनरे : ऑपरेशनच्या दिवशी सात तास बाहेर बसवलं मला. आत दहा माणसं तुमच्यासाठी राबत होती. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा माझ्याकडे तुमचं काही कामच नव्हतं.

सोहा : आजी, हात धुऊन या. साबणानं, कोपरापर्यंत. मग इथे बसून यांचा हात धरा. ते आम्हाला कुणाला जमत नाही.

ग्वांगशिक : चार पेशंटांच्या देखत?

बुनरे : तुम्ही डोळे मिटून घ्या.