सामानासकट खोली

प्रदर्शनाला गॅलरी मिळत नाही म्हणून रडताय होय? मग आमच्या सणसवाडीचं ऐका. माझ्या मैत्रिणीनं, सीमानं, तिथं चाळीत एक खोली आठवड्यासाठी भाड्यानं घेतली आणि प्रदर्शन मांडलं. चित्रं नव्हतीच. कंपनीत कामाला आलेल्या माणसाची खोलीच तिनं हुबेहूब उभी केली होती. कॉट, शेगडी, खिळ्याला आरसा, दोरीवर युनिफॉर्म. पुण्याहून लोक यायचे, मान डोलवायचे, फोटो काढून जायचे.

एका सकाळी आम्ही गेलो तर दार आतून बंद. वाजवलं, तर एक बिहारी कामगार डोळे चोळत बाहेर आला. "नाइट करके सोया था, दीदी. क्या हुआ?"

आत दोरीवर सीमानं टांगलेला युनिफॉर्म बाजूला सारून त्यानं स्वतःचा वाळत घातला होता.

सीमा तरातरा चाळीच्या मालकाकडं गेली. "मामा, माझं प्रदर्शन चालू असताना तुम्ही खोली दुसऱ्याला दिलीच कशी?"

मामांनी शांतपणे चहाचा कप खाली ठेवला.

"ताई, तुमच्याकडं येणारे समदे नुसतं बघून जात व्हते. ह्याला सामानासकट पसंत पडली."