बाटलीवरची एक ओळ

(औषधांच्या कारखान्यातलं ऑफिस. टेबलावर अडुळशाच्या काढ्याचं लेबल, छापायला जायच्या बेतात.)

व्यवस्थापक : ...फक्त ती ओळ नको म्हणतोय, मावशी. बाकी काढा तुमचा, फोटोही तुमचाच.

मावशी : फोटो काढून टाका. माझं थोबाड बघून कुणाचा खोकला जायचा नाही. ओळ राहू दे.

व्यवस्थापक : ‘गरोदर बाईला देऊ नये’ वाचलं की बाई बाटली परत ठेवते.

मावशी : ठेवू दे ना. त्याचसाठी लिहायची.

व्यवस्थापक : अहो, पानांचा काढा तो! तुमची भाची इथल्याच प्रयोगशाळेत आहे. मॅडम, सांगा, काय असतं त्यात?

भाची : व्हॅसिसीन. श्वासनळ्या मोकळ्या करतं, चिकट कफ सोडवतं.

व्यवस्थापक : ऐकलंत?

भाची : पुढंही आहे, सर. तेच गर्भाशयाला आकुंचन आणू शकतं. मी अहवालात लिहिलं होतं. तुम्ही ते पान काढलंत.

मावशी : आणि तू?

भाची : उरलेल्यावर सही केली. नोकरीला सहा महिनेही झाले नाहीत गं.

मावशी : माझ्या दारात बाई आली की मी आधी विचारते, पाळी कधी आली होती? पोरी लाजतात, सासवा नाकं मुरडतात. एकदाच नाही विचारलं. घरचीच म्हणून. धाकटी बहीण खोकून बेजार, तीन दिवस दाट काढा पाजला. दिवस गेलेत हे तिलाही ठाऊक नव्हतं.

भाची : आईला?

मावशी : तुझ्या आधीचं मूल ते. काढ्यानंच गेलं, असं छातीठोक कुणी सांगितलं नाही. नाही, असंही कुणी म्हणालं नाही.

व्यवस्थापक : वाईट झालं. पण या लेबलावर तुम्ही संमतीची सही केली नाहीत, तर आम्ही दुसऱ्या कुणाचा फोटो लावू. अडुळसा कुंपणाकुंपणाला आहे.

मावशी : लावा की! अडुळशाला कुठं कळतं, पिणारी कोण ते? विचारायचं माणसानं. तुमची बाटली विचारणार नसेल, तर दुकानाच्या पायरीवर बसून मी विचारीन. एकेकीला. पाय धड आहेत अजून माझे.

भाची : सर, माझ्या सहीचा कागद द्या.

व्यवस्थापक : कशाला?

भाची : सही खोडायचीय.

व्यवस्थापक : उद्यापासून येऊ नका मग.

भाची : मावशी, पानं खुडायला माणूस लागतं का गं तुला?

मावशी : लागतं. आधी खोड. मी थांबते.