चार टाक्या, एक स्टँड

काचेच्या दुकानात माझ्यापुढे एक बहीण-भाऊ उभे होते. बहीण नुकतीच बसमधून उतरलेली, बॅग अजून खांद्यावरच. भावाला माशांच्या टाक्यांखाली घालायला थर्माकोल हवा होता.

"चार तुकडे कशाला? स्टँड तर एकच आहे तुझ्याकडे."

"त्यावर दोनच मावल्या, ताई. नवीन स्टँड परवडत नाही, म्हणून बाकीच्या इकडेतिकडे बसवल्या."

"इकडेतिकडे म्हणजे?"

"एक वॉशिंग मशीनवर."

"अरे, ते कपडे पिळताना घरभर नाचतं!"

"तेवढा वेळ मी टाकी धरून उभा राहतो."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? आणि चौथी?"

"पलंगाच्या उशाशी फळी आहे ना, तिच्यावर."

"ती चष्मा आणि घड्याळ ठेवायची फळी आहे!"

"वजन बघूनच ठेवली. एका हातानं उचलली मी टाकी."

"रिकामी?"

"मग काय, भरलेली उचलू?"

"अरे शहाण्या, पन्नास लिटर पाणी म्हणजे पन्नास किलो! आणि मी आज त्याच पलंगावर झोपणार ना?"

"म्हणून तर सकाळीच अर्धी रिकामी केली."

"म्हणजे माझ्या डोक्यावर पंचवीसच किलो!"

"पाहुणी आहेस, एवढं तर करायलाच हवं."

"आणि आई? ती तर रोज तिथेच झोपते!"

"तिला सांगून ठेवलंय, कूस जरा जपून बदल म्हणून."