कमरेचा पट्टा

—अडचण कसली हो वहिनी, ठेवा ना, इथेच काउंटरवर ठेवा. ही पिसं जरा बाजूला सारतो — शिंकू नका मात्र, सकाळपासूनची मेहनत उडून जाईल. गळाची काठी, रीळ, जाळी, माश्यांची डबी — सगळंच आणलंत? घरात डोळ्यांसमोर नको वाटतं... कळतं मला. त्याला जाऊन वर्ष झालं ना? वर्ष आणि वर नऊ दिवस. — हो, मोजतो मी. बसा, त्या स्टुलावर बसा, त्याचा एक पाय डगडगतो तेवढं सांभाळा.

ही डबी बघा. सगळ्या तपकिरी. गळाला पिसं बांधून एवढ्या रंगांच्या खोट्या माश्या करतो मी, पण आमचा सावकाश — नदीवर तुमच्या नवऱ्याला सगळे सावकाशच म्हणायचे, माहीत आहे ना तुम्हाला? — तो तपकिरीच घेणार. माशाला रंग कळतो का? देव जाणे, पण काठी धरणाऱ्याला काही ना काही खोड असतेच. आमचे दातांचे डॉक्टर, दुसरा मासा लागला की टोपी उलटी करतात. ते निवृत्त जज्जसाहेब माशाला अहो-जाहो करतात — "या, या साहेब!" — घरी कुणाला अहो म्हटल्याचं ऐकिवात नाही. मी स्वतः माशी तोंडात धरून ओली करतो, बायको म्हणते, शी! आणि सावकाश? तो आल्याआल्या पाण्यात उतरायचाच नाही. काठावरच्या दगडावर बसणार, थर्मासच्या झाकणात चहा ओतणार, पंधरा मिनिटं नुसतं पाण्याकडे बघणार — तोवर आमचे दोन-दोन मासे काढून झालेले — मग उठणार, ती छातीपर्यंतची रबरी पँट चढवणार, कमरेला पट्टा आवळणार, आणि पट्ट्यावर दोन थापा मारणार. थप थप. मग पाण्यात. आणि एवढं करून मासा धरला की देणार सोडून! तुम्ही विचारायचात ना, दिवसभर नदीत होतात आणि पिशवी रिकामी कशी?

हसलात. बरं वाटलं.

— पट्टा? ...पट्टा नाहीये सामानात? नसेल सापडला. नदी काय, काहीही नेते. — हो, पोलिसांच्या कागदावर तसंच आहे, कमरेला पट्टा नव्हता. पट्टा असला की पाय घसरला तरी पाणी कमरेशीच अडतं, माणूस हातपाय मारून काठाला लागतो. नसला तर ती पँट भरते पायापर्यंत, आणि मग — जाऊ द्या ना. चहा सांगू? नको? बरं. विसरला असेल हो. माणूस आहे. — नाही, तो विसरणाऱ्यातला नव्हता, खरं आहे तुमचं. मीच आत्ता थप थप करून दाखवलं. माझंच तोंड.

लोकांचं काय घेऊन बसलात? छापखाना बंद पडला, नोकरी गेली, महिन्याभरात हा गेला — लोकांना जोडायला काय लागतं? पट्टा मुद्दाम काढून ठेवला म्हणे. म्हणोत. मी? मी कशाला काही म्हणू, मी कुणालाच काही म्हणालो नाही... — काय? काय म्हणालात? — तुमच्यामुळे? सकाळी भांडण झालं, तुम्ही म्हणालात, घरी नाही आलात तरी चालेल, आणि म्हणून त्यानं — नाही हो! नाही, नाही. वर्षभर हे मनात घेऊन वावरताय? आणि सासूबाईही तेच धरून बसल्यात? एका घरात राहून तुमच्याशी बोलत नाहीत? अरे देवा.

रडू नका. नाही, रडा, पण ऐका. तो हसत होता, वहिनी. त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. चहा पिता पिता मला म्हणाला, "आज बायकोनं घरी येऊ नका म्हणून सांगितलंय, म्हणजे जाताना तिच्या आवडीचं काहीतरी न्यायला हवं, नाहीतर दार उघडायची नाही." सोमवारी एका छापखान्यात बोलावलंय, असंही म्हणाला. जीव द्यायला निघालेला माणूस सोमवारचं बोलतो का? — पट्टा... पट्टा माझ्याकडे होता. माझ्या कमरेला. मी माझा घरी विसरलो होतो. मी! येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मीच दटावतो, पट्ट्याशिवाय पाण्यात पाय ठेवू नका, आणि मीच विसरलो. आणि मला खोड अशी, की धारेत मधोमध उभं राहिल्याशिवाय नदीवर गेल्यासारखं वाटत नाही. म्हटलं, दे ना तुझा, तू तर काठालाच असतोस. दिला लगेच. माझ्याच कमरेवर थापा मारल्या आणि म्हणाला, मी गुडघाभर पाण्यातच राहीन. राहिलाही असता. पण मोठा मासा लागला त्याला, काठी पार वाकलेली, आणि मी धारेतून ओरडलो — "सोडू नकोस, आत जा, त्याच्यामागे जा!" जन्मात कधी घाई केली नाही त्यानं. माझं ऐकून केली.

धावलो हो मी, पण दगडांतून किती धावणार? आणि लोक जमायला लागले तेव्हा — पट्टा काढून जाकिटात कोंबला. पोलिसांना म्हणालो, मी लांब होतो, मला काही दिसलं नाही. लोक मुद्दाम-मुद्दाम म्हणायला लागले तेव्हा — सांगू? — सुटल्यासारखं वाटलं मला. एवढा हलकट आहे मी. खालच्या खणात आहे तो, थांबा, हा — हा घ्या.

शिव्या तरी द्या. — फोन? पोलिसांना लावताय? लावा. — सासूबाईंना? नको, वहिनी, त्यांना मी घरी येऊन, समोर बसून, नीट, उद्या — ...हो. उद्या उद्या करतच वर्ष काढलं. पण कोणत्या तोंडानं सांगू त्यांना? तुम्ही तरी आधी दोन शब्द — नाही बोलणार? — बरं. द्या इकडे.

हॅलो. काकू, मी, दुकानातून. — नाही, नाही, बऱ्या आहेत त्या, इथे माझ्यासमोरच आहेत. त्यांची काही चूक... काकू, तुम्ही आधी खाली बसा.